कातड्यातील तिपेडी दोर

पायाचा रस्सा रात्री उरला तर थंडीच्या दिवसांत सकाळी पातेल्यात त्याचा थलथलीत गोळा झालेला असतो. चुलीवर ठेवला की तो पुन्हा पातळ. कोल्हापुरात ही गोष्ट कुणाला मुद्दाम सांगावी लागत नाही. रस्सा थिजवणारा पदार्थ म्हणजे जिलेटिन. हाडे, कातडी आणि कंडरा यांत कोलॅजेन नावाचे प्रथिन असते. ते पाण्यात बराच वेळ उकळले की त्याचे जिलेटिन होते. सुताराचा सरसही तोच. कोलॅजेन या नावाचा मूळ ग्रीक अर्थच 'सरस देणारे' असा आहे.

आता दुसरी गोष्ट. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही उंदराच्या शेपटीतील कंडरा सौम्य ॲसेटिक आम्लात, बर्फाच्या थंडाव्यात विरघळवून कोलॅजेनचे स्वच्छ द्रावण तयार केले होते. क्षार घालून त्याचा सामू ७ च्या थोडा वर आणला आणि नळ्या बर्फात ठेवायच्या, तेवढ्यात वीज गेली. धावपळीत त्या नळ्या टेबलावरच राहिल्या. अर्ध्या तासाने पाहतो तो पाण्यासारखे द्रावण दुधी पांढरे होऊन घट्ट बसलेले. नळी उलटी केली तरी थेंब सांडेना. उन्हाळ्याने सगळे नासले असे आमच्या विद्यार्थ्यांना वाटले. पण त्यातील एक नळी लगेच बर्फात खोचली, तर ती हळूहळू पुन्हा स्वच्छ झाली.

प्रथिन एकच. स्वयंपाकघरात ते थंडीत थिजते आणि उष्णतेने वितळते. प्रयोगशाळेतील नळीत ते उबेत थिजते आणि थंडीत विरघळते. वर्गात विद्यार्थ्याने हा प्रश्न विचारला, तर 'उष्णतेने पदार्थ वितळतात' या उत्तरावर भागणार नाही. शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षे भागवता आले नव्हते. गंमत अशी, की या प्रश्नाच्या इतिहासात वळणावळणावर कातडे कमावणारे आणि जोडे करणारे भेटतात. म्हणून सुरुवात आम्ही चपलेपासून करणार आहोत.

बाभूळ, हिरडा आणि कात

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाल्याची बातमी झळकली तेव्हा त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे होते. जून २०२५ मध्ये मिलान शहरातील फॅशनच्या कार्यक्रमात तशाच चपला दिसल्यावर पुन्हा चर्चा झाली. दोन्ही वेळा नक्षीबद्दल, वेणीबद्दल, गोंड्यांबद्दल खूप लिहिले गेले. ज्या कातड्यावर हे सगळे उभे आहे ते कमावतात कसे, याबद्दल फार थोडे.

परंपरागत पद्धत अशी. कच्चे कातडे धुऊन चुन्याच्या पाण्यात ठेवतात. त्याने केस सुटतात आणि कातड्यातील तंतू फुगून मोकळे होतात. मग चुना काढून टाकून ते बाभळीची साल आणि हिरडा यांच्या काढ्यात मुरवतात. जाड कातड्याची एक खास रीत आहे. कातडे शिवून त्याची पिशवी करतात, ती टांगतात आणि तिच्यात काढा भरतात. काढा स्वतःच्या वजनाने कातड्यातून झिरपत बाहेर येतो. तो पुन्हा आत ओततात. या सगळ्याला आठवडे लागतात. शेवटी जे मिळते ते कुजत नाही, वाळून लाकडासारखे कडक होत नाही आणि गरम पाण्यात लवकर आक्रसत नाही. हे काम मुख्यतः ढोर समाजाने पिढ्यानपिढ्या केले आणि त्याबद्दल गावाने त्याला वेशीबाहेर ठेवले. साल किती कुटायची, काढा कधी बदलायचा, कातडे आतपर्यंत मुरले हे कापलेली कड पाहून कसे ओळखायचे, हे ज्ञान कुठल्या शाळेत गेले नाही आणि शाळाही त्याच्याकडे आली नाही.

युरोपात मात्र रसायनशास्त्र कातड्याकडे लवकर वळले. हंफ्री डेव्ही याने १८०३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे तुरट वनस्पतींवरचा आपला निबंध मांडला. त्यात मुंबईहून आणि बंगालहून आलेल्या काताचे पृथक्करण आहे. मुंबईच्या कातात निम्म्याहून अधिक भाग टॅनिन निघाले. इंग्रज चर्मकार वापरत त्या ओकच्या सालीपेक्षा ते कित्येक पटींनी जास्त होते. टॅनिन मोजण्यासाठी डेव्हीने जिलेटिनचेच द्रावण वापरले. टॅनिन त्याला भेटले की गढूळ साका खाली बसतो. म्हणजे कातडे कमावणे ही टॅनिन आणि प्रथिन यांची गाठ आहे, एवढे तेव्हा कळले. पण गाठ बसते ती कशाशी? कातड्याचा तंतू आतून कसा आहे? याचे उत्तर मिळायला पुढची दीडशे वर्षे गेली.

विरघळलेला तंतू पुन्हा उभा राहतो

१९२७ साली फ्रान्समध्ये झां नाझोत याने उंदराच्या शेपटीची कंडरा सौम्य आम्लात विरघळवली आणि त्या द्रावणात योग्य बदल करून पुन्हा तंतू मिळवले. प्रयोग साधा, पण त्याचा अर्थ फार मोठा होता. विरघळलेल्या द्रावणात ना पेशी होती, ना विकर, ना ऊर्जा पुरवणारे काही. तरीही तंतू झाले. याचा अर्थ तंतू विणायला विणकर लागत नाही. त्याच्या तुकड्यांतच जुळून येण्याची सूचना असते.

पण ते मूळचेच तंतू कशावरून? कोलॅजेनचा नुसता साका म्हणजे तंतू नव्हे. १९४२ साली अमेरिकेत फ्रान्सिस श्मिट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कोलॅजेन तंतू पाहिला, तेव्हा त्यावर आडवे पट्टे दिसले, अगदी समान अंतरावर. वाळलेल्या तंतूत हे अंतर सुमारे ६४ नॅनोमीटर भरते, ओल्या तंतूत ६७. आता कसोटी हाती आली. द्रावणातून पुन्हा उभ्या राहिलेल्या तंतूवर हेच पट्टे उमटले, तर तो खरा.

१९५४ साली जेरोम ग्रॉस, जॉन हायबर्गर आणि श्मिट यांनी या कसोटीवर एक धाडसी मत मांडले. तेच द्रावण वेगवेगळ्या परिस्थितीत ठेवले की वेगवेगळ्या पट्ट्यांचे तंतू किंवा छोट्या आखूड पट्ट्या तयार होतात आणि त्या एकमेकींत बदलताही येतात. तेव्हा मूळ घटक एकच असला पाहिजे: एक लांब, बारीक, ताठ काडी. हायबर्गर नोकरीला होता तो अमेरिकेतील युनायटेड शू मशिनरी कॉर्पोरेशनच्या संशोधन विभागात, म्हणजे जोडे शिवायची यंत्रे करणाऱ्या कंपनीत! दोनच वर्षांनी बोएटकर आणि डोटी यांनी ही काडी मोजली. लांबी ३०० नॅनोमीटर, जाडी दीड नॅनोमीटरहूनही थोडी कमी. प्रमाण लक्षात यावे म्हणून सांगतो, एक सेंटिमीटर जाडीची काठी घेतली तर ती दोन मीटर लांब असावी लागेल.

या काड्या तंतूत शेजारी शेजारी लागतात, पण टोकाला टोक जुळवून नव्हे. प्रत्येक काडी शेजारणीपेक्षा ६७ नॅनोमीटर पुढे सरकलेली असते. एका रांगेत एक काडी संपली की दुसरी सुरू होण्याआधी सुमारे ३५ नॅनोमीटरची फट राहते. गवंडी विटांचे सांधे एकावर एक येऊ देत नाही, तसेच हे. हॉज आणि पेट्रुस्का यांनी १९६३ साली ही मांडणी सुचवली आणि पट्ट्यांचा उलगडा झाला.

मद्रासची वेणी

काडी आतून कशी आहे, हा प्रश्न भारतात सुटला. गो. ना. रामचंद्रन १९५२ साली वयाच्या तिशीत मद्रास विद्यापीठात भौतिकीचे प्राध्यापक म्हणून आले. ब्रिटिश स्फटिकशास्त्रज्ञ बर्नाल तेथे आले असताना म्हणाले, की कोलॅजेनच्या रचनेची सुचवलेली एकही प्रतिकृती पटण्यासारखी नाही. केंद्रीय चर्म संशोधन संस्था विद्यापीठाच्या शेजारीच होती. तिच्या मदतीने नमुने मिळाले. क्ष-किरणांची उत्तम चित्रे दिली ती कांगारूच्या शेपटीच्या कंडरेने. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी ७ ऑगस्ट १९५४ च्या 'नेचर'मध्ये तीन साखळ्यांची रचना प्रसिद्ध केली आणि १९५५ मध्ये तिला दोरासारखा पीळ दिला.

ही खरोखर तिपेडी आहे. प्रत्येक साखळीला डावा पीळ, तिन्हींना मिळून उजवा पीळ. काथ्याचा दोर वळणारा हेच करतो. पेडांना एक पीळ आणि दोराला उलटा, म्हणजे दोर सुटत नाही. साखळीतील दर तिसरे अमिनो आम्ल ग्लायसिन असते. ते सर्वांत लहान म्हणून वेणीच्या आतल्या अडचणीत तेवढेच मावते.

वाद व्हायचा होता तो झालाच. रिच आणि क्रिक यांनी १९५५ मध्येच दाखवले, की दर तीन अमिनो आम्लांमागे रामचंद्रन म्हणतात तसे दोन हायड्रोजन बंध बसत नाहीत, एकच बसतो. दोन बसवायला गेले की अणू फार जवळ येतात. ही टीका रामचंद्रन यांच्या जिव्हारी लागली असणार. पण त्यांनी काय केले? दोन अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात, याचाच मुळातून हिशेब मांडला. त्यातून रामकृष्णन आणि शशिशेखरन यांच्यासह १९६३ साली तो नकाशा निघाला, जो आज रामचंद्रन आलेख म्हणून जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. १९९४ साली कोलॅजेनसारख्या एका छोट्या साखळीचा स्फटिक तपासला गेला, तेव्हा बंध एकच निघाला. त्या मुद्द्यावर क्रिक बरोबर होता; तीन साखळ्या, पीळ आणि ग्लायसिनची जागा यांवर मद्रास. वेणीभोवती पाण्याच्या रेणूंची शिस्तीत लागलेली चळतही त्या स्फटिकात दिसली. या पाण्याला पुढे महत्त्व आहे.

उबेचे कोडे

आता आमच्या नळीकडे येऊ. ग्रॉस याने १९५८ साली थंड, उदासीन क्षारद्रावणात काढलेले कोलॅजेन ३७ अंश सेल्सिअसला ठेवून ते थिजते आणि लवकर थंड केले तर पुन्हा विरघळते, हे व्यवस्थित नोंदवले होते. जास्त वेळ गेला तर मात्र ते परत फिरत नाही. ॲलन कूपर याने १९७० मध्ये याचे ऊष्मागतिकीय मापन केले. तंतू होताना उष्णता बाहेर पडत नाही, उलट शोषली जाते. एकत्र आल्याने ऊर्जेचा फायदा नाही. सुट्या काड्या शिस्तीत लागल्या म्हणजे अव्यवस्थाही कमी झाली असे वाटते. मग हे आपोआप घडते कसे?

शिक्षकांच्या ओळखीचे एक उदाहरण आहे. बर्फ वितळताना उष्णता शोषतो, तरीही शून्य अंशाच्या वर आपोआप वितळतो, कारण पाण्याच्या रेणूंना मोकळीक मिळते. एन्ट्रॉपी वाढते आणि तापमान जितके जास्त तितके त्या वाढीचे वजन जास्त. कोलॅजेनच्या नळीतही असेच काहीतरी वितळत असले पाहिजे. ते म्हणजे काडीभोवती बांधले गेलेले पाणी.

जोतिबाच्या चैत्र यात्रेतील सासनकाठ्या आठवा. एक उंच काठी उभी ठेवायला चोहोबाजूंनी दोऱ्या धरून माणसे लागतात आणि ती माणसे जागची हलू शकत नाहीत. समजा पाच काठ्या एकत्र बांधल्या, तर थोड्या माणसांत भागेल आणि बाकीची यात्रेत मोकळी फिरतील. काठ्या शिस्तीत आल्या, पण यात्रेतील एकूण गडबड वाढली. काठी म्हणजे कोलॅजेन, दोऱ्या धरणारे म्हणजे पाणी. माणसे जितकी अस्वस्थ, म्हणजे तापमान जितके जास्त, तितके हे सुटणे फायद्याचे. दाखला दाखल्यापुरताच घ्यावा. पाण्याच्या रेणूंना हात नसतात.

हे बांधलेले पाणी नक्की कुठले, यावर मतभेद आहेत. १९५९ साली वॉल्टर कॉझमन याच्या लेखानंतर सर्वांचा कल तेलकट, जलविरोधी गटांकडे होता; पाणी त्यांच्याभोवती ताटकळते आणि गट एकत्र आले की सुटते. १९९५ मध्ये लायकिन, राऊ आणि पार्सेजियन यांनी कोलॅजेनच्या काड्यांमधील बल मोजून नेमके उलट म्हटले, की येथे मुख्य काम जलस्नेही गटांभोवतीच्या पाण्याचे आहे. आम्हाला त्यांची मोजमापे पटतात, पण जलविरोधी गटांना पूर्ण सुट्टी द्यावी असे वाटत नाही. पाण्याच्या सुटकेतून तंतू जुळतो, येथपर्यंत मात्र सगळे एकत्र आहेत.

आता पायाच्या रश्श्याचे उत्तर सोपे होते. रस्सा उकळताना नुसता तंतू सुटत नाही, काडीची वेणीही उसवते आणि तीन साखळ्या वेगळ्या होतात. निवताना त्या साखळ्या पुन्हा वेणी घालायला बघतात, पण मूळ जोडीदार सापडत नाहीत. इथे थोडी, तिथे थोडी अशी वेणी पडते आणि सगळ्याचे जाळे होते. वेणी घालण्यात हायड्रोजन बंधांमुळे उष्णता बाहेर पडते, म्हणून ती थंडीत जमते आणि उबेत सुटते. एकाच पदार्थाच्या रचनेत दोन पायऱ्या आहेत. वेणीला थंडी मानवते, वेण्यांचा दोर वळायला ऊब लागते.

मग शरीराच्या तापमानाला काय होते? २००२ साली लायकिना आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की सुटी कोलॅजेन काडी शरीराच्या तापमानाला मुळात टिकाऊ नाहीच. तिला पुरेसा वेळ दिला तर तिची वेणी उसवते. ती वाचते ती तंतूत शिरल्यामुळे. तंतूत गेलेले कोलॅजेन मात्र साठ-पासष्ट अंशांपर्यंत तग धरते. थंड समुद्रातील कॉड माशाच्या कोलॅजेनची वेणी १५ अंशांच्या आसपासच सुटते, कारण तिच्यात हायड्रॉक्सिप्रोलीन कमी असते. हे अमिनो आम्ल तयार व्हायला आपल्याला क जीवनसत्त्व लागते. त्या जीवनसत्त्वाच्या अभावी हिरड्या का सैल होतात, ते वर्गात येथे सांगता येईल.

एक शंका उरते. तंतू आपोआप होतो, तर पेशीच्या आतच का होत नाही? झाला तर पेशी मरेल. म्हणून पेशी काडीच्या दोन्ही टोकांना जास्तीचे गोळे लावून ती बाहेर पाठवते आणि बाहेर विकरे ते गोळे छाटतात. छाटल्याशिवाय जुळणी नीट होत नाही. याचा पुरावा बेल्जियममधील काही वासरांनी दिला. त्यांचे कातडे हाताने ओढले तरी कागदासारखे फाटे. १९७१ मध्ये कारण कळले. एका टोकाचा गोळा छाटणारे विकर त्यांच्यात नव्हते. गोळे तसेच राहिलेल्या काड्यांचे नीट गोल तंतू होत नव्हते. रेणूच्या एका टोकाची चूक आणि संबंध जनावराचे कातडे निकामी. पुढे कॅडलर, होजिमा आणि प्रॉकॉप यांनी १९८७ साली नळीत हे गोळे विकराने छाटून तंतू उभे राहताना पाहिले.

पुन्हा पिशवीकडे

टांगलेल्या पिशवीत काय चालते, हे आता सांगता येते. चुन्याने तंतू मोकळे केले. बाभळीचे आणि हिरड्याचे टॅनिन हा अनेक हायड्रॉक्सिल गट असलेला मोठा रेणू आहे. तो काड्यांच्या मधल्या फटींत शिरतो, तेथील पाण्याला हटवून अनेक ठिकाणी स्वतःच बंध जोडतो. पाण्याची जागा गेली, जंतूंच्या विकरांचा मार्ग गेला, वेणी उसवायला लागणारी मोकळीक गेली. एवढा मोठा रेणू जाड कातड्याच्या मध्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून आठवडे आणि म्हणून काढ्याचा दाब. न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झ याने १८८४ साली एकस्व घेतलेली क्रोमियमची रीत वेगळी. तेथे धातूचे छोटे समूह काड्यांच्या आम्लगटांना टाके घालतात. काम झपाट्याने होते आणि कातडे उकळत्या पाण्यातही टिकते. पण ते मऊ होते. कोल्हापुरी चपलेच्या तळाला लागणारा भरीव ताठपणा सालीच्या कमावणीतून येतो.

याची प्रात्यक्षिके शाळेत जमण्यासारखी आहेत. खाण्याचे जिलेटिन कोमट पाण्यात विरघळवून त्यात गाळलेला हिरड्याचा काढा थेंब थेंब घाला. डेव्हीचा साका डोळ्यांसमोर बसेल. मात्र बाजारातील चायना ग्रास चालणार नाही. तो समुद्रशैवालातून येतो, त्यात प्रथिन नाही. दुसऱ्या प्रयोगासाठी हलगी मढवणाऱ्याकडून न कमावलेल्या कातड्याची पट्टी आणावी, चप्पल करणाऱ्याकडून सालीने कमावलेली. दोन्ही रात्रभर भिजवून, सारख्या लांबीच्या कापून, पाण्याच्या भांड्यात तापमापीशेजारी टांगाव्यात आणि सावकाश तापवावे. साठ अंशांच्या आसपास हलगीची पट्टी एकदम आखडून जवळजवळ रबरासारखी होते. दुसरी आणखी दहा-वीस अंश शांत राहते. (हलगी जाळावर शेकून ताणतात, ते मात्र आखडणे नव्हे. तेथे फक्त ओल जाते.)

पट्ट्या आणायला शिक्षकांनी एकटे न जाता विद्यार्थ्यांना बरोबर न्यावे. बाजारात क्रोमचे कातडेही असते आणि चुकून ते आले तर प्रयोग फसेल. कोणता तुकडा कशाने कमावला, हे चप्पल करणारा कापलेल्या कडेचा रंग पाहून सांगतो. क्रोमची कड निळसर-करडी, सालीची तांबूस-तपकिरी. आणि मध्यभागी फिकट रेघ असेल, तर काढा आतपर्यंत पोचलेला नाही.